हनोईहून आईला घरी आणताना

ही ऐकीव गोष्ट नाही. लुआ आमच्या शेजारची, इथलीच, दिएन बिएनची. हे सांगताना तिचा आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. नुसती दमलेली होती ती.

मागच्या हिवाळ्यात तिची आई हनोईच्या दवाखान्यात वारली. अगदी पहाटे.

हनोई ते दिएन बिएन, विमानाने तासाभराची वाट. रस्त्याने दहा तास, आणि निम्म्याहून जास्त घाट.

आईला एकदा तरी विमानात बसायचं होतं. ते राहूनच गेलं.

मोठा भाऊ खांग तयारीसाठी विमानाने पुढे गेला. शववाहिकेत पेटीसोबत लुआ. चालवायला दोआनकाका.

"पोरी, पूल आला की आईला सांगत जा," काका म्हणाले. "नाहीतर जीव वाट चुकतो."

हे तिलाही ठाऊक होतं. खिडकीतून मेलेल्यांसाठीच्या खोट्या कागदी नोटा सोडायच्या आणि हाक मारायची.

"आई, पूल आला गं."

दर पुलाला हेच. दवाखान्यातल्या जागरणांनी तिचे डोळे मिटत होते.

मोक चाऊच्या पुढे धुकं लागलं. पूल आला. तिने हाक मारली.

मागून हलकेच…

"हं."

तिने काकांकडे पाहिलं. त्यांनी रेडिओ मोठा केला.

"काका, ऐकलंत?"

"मी गाडी चालवतो, पोरी. ऐकायचं काम माझं नाही."

पुढच्या पुलाला पुन्हा… "हं."

लुआला भीती नाही वाटली. उलट बरं वाटलं. आई आहे सोबत.

दुपारी खांगचा फोन आला.

"लुआ… आई घरी आलीये."

"दादा, जरा झोप काढ. आई माझ्या गाडीत आहे."

"ऐक तरी! विमानात माझ्या शेजारची जागा रिकामी होती. हवाईसुंदरी येऊन विचारते, आजींना पांघरूण देऊ का? मला वाटलं, चुकली असेल. घरी पोचलो तर मावशी दारात. म्हणाली, ताई तुझ्या मागोमाग उतरली, आत गेली. आत बघतो तर… चुलीवर भात रटरटतोय. मावशीने हातही लावला नव्हता, लुआ."

फोन तुटला.

लुआ हसली, मग रडली. झाला एकदाचा आईचा विमानप्रवास.

पुढचा पूल आला. आता कशाला हाक मारायची? ती गप्प राहिली.

मागून आवाज आला…

"पूल आला ना गं?"

आवाज आईचाच.

मागे आई असली, तर न सांगितल्याने ती या घाटातच अडकेल.

आणि नसली तर… आपण कुणाला घर दाखवतोय?

काकांनी रेडिओ बंद केला.

"सांग, पोरी," ते हळूच म्हणाले. "मी इथे गाडी थांबवणार नाही."

"आई, पूल आला गं."

फा दीन घाट उतरून गाव येईपर्यंत ती सांगत राहिली. घसा बसला. विचार करायचंही त्राण उरलं नव्हतं.

दिवेलागणीला गाडी अंगणात लागली. खांगने आणि शेजाऱ्यांनी पेटी उतरवून आत नेली.

मावशी दारात उभी होती. तिने पेटीकडे पाहिलंच नाही. ती रिकाम्या गाडीत बघत होती.

"लुआ," ती म्हणाली, "ताई तर दुपारपासून आत बसलीये. मग ही कोण आणलीस बरोबर?"

लुआने वळून पाहिलं. तिला काहीच दिसलं नाही.

काकांनी धाडकन गाडीचं दार लावलं आणि चहालाही न थांबता निघून गेले.

लुआ अजून त्याच घरात राहते, मावशीसोबत.

त्या संध्याकाळी गाडीतून कुणी खाली उतरलं का… एवढं मात्र तिने मावशीला अजून विचारलेलं नाही.