जत्रेतली खरेदी आणि आतली खबर

दक्षा आणि मुकेश यांची ओळख करून दिली ती सुक्या बोंबलांनी. आता यावर कुणी नाक मुरडेल, पण जे झालं ते झालं. दुसरं काही गोड कारण सांगून मी तुम्हाला का फसवू?

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची चैत्रातली जत्रा भरली की आमच्याकडची माणसं पावसाळ्याची सुकी मासळी तिथेच घेतात. आधी खरेदी करायची, पिशवी दुकानात ठेवायची आणि मग दर्शनाला जायचं, अशी रीत. बोंबलाचा वास घेऊन देवीपुढे कोण उभं राहणार? त्या दिवशी मासळीवाल्या जमनाबाईच्या पालात पिशव्यांचा हा ढीग पडला होता. उन्हाने बाई कावली होती. दक्षा दर्शन घेऊन आली, तेव्हा बाईने समोर आली ती पिशवी तिच्या हातात कोंबली.

तलासरीला घरी येऊन पाहते तर पिशवी भलत्याचीच. कापडावर लाल दोऱ्याने ‘मुकेश’ असं नाव आणि खाली मोबाईल नंबर शिवलेला. दक्षा शाळेत गणित शिकवायची, पण असला विद्यार्थी तिनेही पाहिला नव्हता. हसत हसत तिने फोन लावला. तिकडून एक बावरलेला आवाज आला. तो म्हणाला, ते आईने शिवलंय, मी फार विसराळू आहे म्हणून.

झालं, पिशव्या बदलायच्या म्हणून फोन सुरू झाले. तो म्हणायचा कासाला या, तर तिची शाळा. ती म्हणायची तलासरीला या, तर त्याचं ऑफिसात जास्तीचं काम. आठवडाभर हेच. कामाचं बोलणं दोन वाक्यांत संपायचं, पण फोन काही ठेवला जायचा नाही. अखेर चारोटीच्या नाक्यावर, एका वडापावच्या गाडीपाशी दोघं समोरासमोर आले. उंच, सावळा, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. दक्षाला उगाचच आपली ओढणी सारखी करावीशी वाटली.

“तुमच्यातले निम्मे बोंबील कमी आहेत,” तो खाली बघत म्हणाला. “आईने चटणी केली. तिला वाटलं, आपलेच.”

“आणि तुम्ही खाल्ली?”

“खाल्ली ना... चांगली झाली होती.”

“होणारच. निवडून घेतले होते मी.”

तो हसला. गालावर खळी पडली. दक्षाने ती पाहिली आणि पाहिली नाही असं दाखवलं. मग बस आली. फोन करतो असं काही तो म्हणाला नाही आणि करा असं ती कशाला म्हणेल? पोरीच्या जातीने किती पुढे जायचं, हा तेव्हाचा तिचा विचार. पुढे तिने काय केलं ते येईलच.

पावसाळा अर्धा सरला आणि दक्षाच्या घरी मुंबईहून नोटीस आली. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या खात्याची. सूर्याजल पंप नावाच्या कंपनीला एक मोठं सरकारी काम मिळालं होतं. ती बातमी बाहेर फुटायच्या आधी, बोंबलांचे फोन चालू होते त्याच आठवड्यात, दक्षाने त्या कंपनीचे शेअर घेतले आणि बातमी येताच भाव चढला. आता ही आतली खबर तिला दिली कुणी? तर कंपनीच्या हिशेब खात्यातल्या मुकेश नावाच्या माणसाने. पुरावा काय, तर आठवडाभरातले दोघांचे फोन, आणि जत्रेत दोघांचे मोबाईल एकाच टॉवरखाली. अहो, त्या टॉवरखाली त्या दिवशी अर्धा जिल्हा होता!

दक्षाने नोटीस दोनदा वाचली. मुकेश त्या कंपनीत आहे, हे तिला नोटिशीतून कळलं. हिशेबाचं काम करतो एवढंच तो बोलला होता. शाळेने सांगितलं, निकाल लागेपर्यंत वर्गावर येऊ नका, आणि दोष सिद्ध झाला तर मग येऊच नका. मुकेशलाही कंपनीने घरी बसवलं. त्याच्यावर ठपका आला असता तर हिशेबाच्या खुर्चीवर त्याला पुन्हा कुणी बसू दिलं नसतं.

दोघांची बाजू घेतली डहाणूच्या वर्षाताईंनी. वकील म्हणून तल्लख, जिभेने तिखट, मनाने साय. त्यांनी पहिल्याच दिवशी दम दिला. आपली सगळी मदार यावर आहे की तुमची ओळख बोंबलापुरती होती. तेव्हा निकालापर्यंत भेटायचं नाही, फोन नाही, हसायचंसुद्धा नाही. दक्षाने शनिवारी यायचं, मुकेशने रविवारी.

जे मना करावं तेच मन करतं. जो माणूस चार महिने दक्षाला नुसता अधूनमधून आठवत होता, तो आता उठता बसता आठवू लागला.

त्यात एका शनिवारी वर्षाताईंनी कागदांवर सह्या घ्यायला दोघांनाही बोलावलं आणि नेमका त्यांना कोर्टातून निरोप आला. जाताना बजावून गेल्या, एक शब्द बोलायचा नाही. बाहेर भाद्रपदातली सर कोसळत होती. ऑफिसच्या बाकाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो, आणि मध्ये चहाचे दोन कप.

“थंड होशील हां तू,” मुकेश म्हणाला.

दक्षा दचकली. “आपण बोलायचं नाहीये.”

“मी कुठे तुमच्याशी बोलतोय? मी चहाशी बोलतोय.”

दक्षाने ओठ चावला. मग तीही कपाकडे बघून म्हणाली, “चहाला सांगा, काळजी करू नकोस म्हणावं. सगळं नीट होईल.”

“चहा म्हणतो, स्वतःची नाही करत मी काळजी... ज्यांना माझ्यामुळे शाळा सोडावी लागली, त्यांची करतो.”

खिडकीतून पावसाचे थेंब आत येत होते, तर तो उठला आणि तिच्या बाजूची खिडकी लावून पुन्हा आपल्या टोकाला जाऊन बसला. एवढंच झालं. पण दक्षाचं काळीज विरघळलं.

वर्षाताई परत आल्या, सह्या झाल्या आणि तो गेल्यावर त्यांनी तिला एक गोष्ट सांगितली. कंपनीने मुकेशपुढे सुटकेची वाट ठेवली होती. ‘बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, त्या बाईने गैरफायदा घेतला,’ एवढं कबूल कर, आम्ही तुला सांभाळून घेऊ. त्याने तिथल्या तिथे नाही म्हटलं होतं. जे मी बोललोच नाही ते बोललो म्हणू कसा, आणि ती का बुडावी?

त्या दिवशी तलासरीच्या बसमध्ये दक्षा रडली. दुःखाने नाही. आपण या माणसावर प्रेम करतो, हे तिला पक्कं कळलं होतं, आणि हे आत्ताच कळायला हवं होतं का, म्हणून रडली.

पण प्रेमाने खटला सुटत नाही. वर्षाताई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, की तू नेमके तेव्हाच शेअर का घेतलेस? नोटिशीच्या उत्तरात दक्षाने ‘सहज घेतले’ असं लिहून दिलं होतं, आणि खातं तेच धरून बसलं होतं, की सहज कुणी घेत नाही. अखेर एकदा दक्षा चाचरत म्हणाली, “ताई, ते... देवीचं होतं.”

तिच्या घरी रीत होती. जत्रेच्या दिवसांत देवीच्या नावाने एक वाढणारी वस्तू घ्यायची. आजोबा बांबूचा कोंब आणायचे, बाप शेळी आणायचा. दक्षा पगार घ्यायला लागल्यापासून शेअर घेत होती, तेही घरात जिची वस्तू वापरून पाहिलीय अशाच कंपनीचे. यंदा बापाने वाडीत सूर्याजलचा पंप बसवला होता आणि तो एकदाही बिघडला नव्हता. म्हणून सूर्याजल.

वर्षाताईंनी कपाळावर हात मारला. मग हे आधी का नाही लिहिलंस? दक्षा म्हणाली, मुंबईच्या साहेबांना देवीचं काय सांगायचं, हसतील ना ते. अगं बाई, हसू देत की, वर्षाताई म्हणाल्या, हसणारा माणूस निदान ऐकत तरी असतो.

सुनावणी डहाणूतूनच झाली, वर्षाताईंच्या ऑफिसात, संगणकाच्या पडद्यावर. टेबलाच्या एका टोकाला दक्षा, दुसऱ्या टोकाला मुकेश. पडद्यावरचे साहेब चष्म्याआडून बघत होते. उत्तर बदललं म्हणजे गोष्ट रचलेली आहे, असं त्यांनी स्पष्ट सुनावलं. शिवाय मागच्या वर्षांची खरेदी त्यांच्यासमोरच होती, आणि तारखा एकीशी एक जुळत नव्हत्या. ही कसली रीत?

वर्षाताई याचीच वाट बघत होत्या. शांतपणे म्हणाल्या, “साहेब, आमची देवी इंग्रजी महिन्याने चालत नाही. प्रत्येक तारखेची तिथी बघा.”

साहेबांनी पंचांग मागवलं. एकेक वर्ष काढून पाहिलं. प्रत्येक खरेदी चैत्री पौर्णिमेनंतरच्या पंधरवड्यात, जत्रा भरलेली असताना. एकही वर्ष चुकलं नव्हतं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सरळ तिलाच विचारलं, की तेव्हा तुमचं यांच्याशी काही नातं नव्हतं असं तुमचं म्हणणं आहे. आज काय आहे?

वर्षाताई खोकल्या. नुसती ओळख आहे, एवढं म्हणायचं ठरलं होतं. दक्षाने टेबलाच्या त्या टोकाकडे पाहिलं. जो माणूस स्वतःला वाचवायलाही खोटं बोलला नव्हता, त्याच्यासमोर ती खोटं कसं बोलणार?

“आज माझं त्यांच्यावर प्रेम आहे, साहेब,” ती म्हणाली. “तेव्हा नुसते बोंबील होते.”

तिकडे टंकलेखकाने विचारलं, हे लिहायचं का. लिहा, साहेब म्हणाले. मग मुकेशला विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं का?

मुकेशच्या डोळ्यांत पाणी होतं आणि खळी पडली होती. “नाही, साहेब. ही आतली खबर माझ्यापर्यंत आली नव्हती.”

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. हसले की खोकले, ते पडद्यावर नीट कळलं नाही.

दिवाळी उलटल्यावर आदेश आला. दोघंही निर्दोष. खरेदी रीतीप्रमाणे झालेली, खबर दिल्याचा पुरावा नाही, आणि उभयतांमधली जवळीक ही आरोपानंतरची आहे, असं त्यात चक्क लिहिलं होतं. शाळेने दक्षाला सन्मानाने परत बोलावलं, पोरांनी वर्गाच्या दाराला तोरण बांधलं. कंपनीनेही मुकेशला पत्र पाठवलं. त्याने ते वाचलं, नको म्हणून कळवलं आणि डहाणूत दुसरी, बरी नोकरी धरली.

आदेश आला त्याच दुपारी तो तलासरीला आला. भर बाजारात, लोकांच्या डोळ्यांदेखत, दक्षाच्या समोर येऊन उभा राहिला. दक्षाची आई भाजी घेता घेता थांबली. बाजारही थोडा थांबलाच म्हणा.

“आता भेटायला हरकत नाही ना?” त्याने विचारलं.

“एका अटीवर. अहोजाहो सोडायचं.”

“बरं... दक्षा, तू माझ्याशी लग्न करशील?”

“पुन्हा कशाला विचारतोस? मी सरकारला लेखी दिलंय.”

आणि तिने स्वतःहून त्याचा हात धरला.