कॉफीचा रकाना

फुप्फुसं तपासायच्या खोलीत ताई रोज आधी यंत्राचीच परीक्षा घेत. मोठ्या पिचकारीने बरोबर तीन लिटर हवा आत ढकलायची. पडद्यावर तीन आले, की कामगारांना एकेक करून बोलवायचं. मग ठरलेला प्रश्न: "गेल्या चार तासांत कॉफी घेतलीत का?" कॉफीने श्वासनळ्या जरा सैलावतात, आकडा फुगतो आणि आजारी माणूस धडधाकट दिसतो, हे त्या प्रत्येकाला न कंटाळता समजावून सांगत.

एकालाच त्यांनी ते विचारलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ समोर बसला होता. दगड कापायच्या कारखान्यात परत रुजू व्हायला एका फुंकरीत निदान दोन हजार मिलिलिटर हवा लागे. त्याचा श्वास एकोणीसशे चाळीसवर अडकला.

"ताई, मला घरी बसवू नकोस," तो म्हणाला. "पोरीला काय सांगू, बाप फुंकर मारण्यात नापास झाला?"

ताईंनीच त्याला दोन कप काळी कॉफी पाजली आणि तासाभराने पुन्हा फुंकायला लावलं. दोन हजार तीस. पहिला आकडा त्यांनी पुसला, कॉफीच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. वर्षभरात दगडाच्या धुळीने त्याला नेलं. तेव्हापासून ताईंनी कॉफी घरातही आणली नाही, इथेही नाही.

परवा सकाळी, पिचकारी जोडायच्या आधीच, समोर कोणी नसताना पडद्यावर रेघ चढली. अर्ध्यात एक खाच, खोकला दाबल्यासारखी. मग उतार. एकोणीसशे चाळीस.

काल पुन्हा तेच. यंत्र दुरुस्त करणारा सगळं उघडून बघून गेला. यंत्र ठणठणीत आहे, ताईंनीच चार दिवस सुट्टी घ्यावी, असं जाता जाता हसत म्हणाला.

आज ताईंनी दार लोटलं. तोंडात धरायची नवी कागदी नळी बसवली. समोरची खुर्ची नीट सरकवली.

"चार तासांत कॉफी घेतलीस का रे?"

रेघ चढली. खाच. उतार.

एकोणीसशे चाळीस.

त्यांनी नवा अहवाल भरला. नाव भावाचं. कॉफी: नाही. शेरा: कामास अपात्र. खाली स्वतःची सही केली आणि कागद टेबलावर ठेवून त्या तोंड धुवायला गेल्या.

परतल्या तेव्हा नळी आतून ओली होती.

अहवालावर, तपासलेल्या माणसाने सही करायच्या जागी, कपाच्या बुडाचं तपकिरी वर्तुळ उमटलं होतं. ताईंनी त्यावर बोट टेकवलं.

ते अजून गरम होतं.