चोरओटीचा नारळ

उरणच्या मोरा बंदरावर मासळी विकणारी गुणाबाई त्या दिवशी टोपली घेऊन बसली नाही. सकाळची एसटी धरून ती पनवेलला आली, लेकीला बाळंतपणासाठी माहेरी न्यायला. पिशवीत खण, तांदूळ, डिंकाचे लाडू आणि सुक्या कोळंबीच्या सोड्यांचा डबा होता. किशोरीला नववा सरत आला होता. एकुलती एक पोर, पण दोन वर्षांत गुणाबाईनं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. का, तर पोरीनं जातीबाहेरच्या प्रणितशी लग्न केलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली ही बाई.

श्रावणात किशोरीनं फोन केला होता. "आये, पाचवा लागलाय. चोरओटी भरायला येशील?"

चोरओटी म्हणजे गर्भारशीची पहिली ओटी. आईनं गुपचूप यायचं, भरायची, आणि बोभाटा करायचा नाही. गुणाबाई म्हणाली, "चुकीचा नंबर हाय," आणि फोन ठेवला. शेजारच्या कोळणी हसल्या. तेव्हा तिलाही बरं वाटलं होतं.

दिवाळीनंतर मात्र तिला घास गोड लागेना. पहिलटकरीण पोर, बाळंतपणात काही झालं तर? पाया पडू, पण तिला घरी आणू, असं ठरवून ती निघाली होती. एसटीत माफीचे शब्द दहादा जुळवले. ते काही तिच्या तोंडात बसेनात.

तळ्याकाठच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, किशोरीच्या समोरच्या दारात, निवृत्त शिक्षिका मिरियमबाई तुळशीला पाणी घालत होत्या.

"आलात न्यायला? वाटच बघतेय ती," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी किती भिजून आला होतात हो! बाहेर लख्ख ऊन, आणि तुमच्या लुगड्यातून पाण्याची धार. जिना दोन दिवस वाळला नाही."

"मी?"

मिरियमबाई हसल्या. "बरं, नाही बोलत. चोरओटी ना तुमची!"

गुणाबाईला वाटलं, म्हातारीची दुसरीच कुणाशी तरी गल्लत झाली. तेवढ्यात किशोरीनं दार उघडलं आणि पोट सावरत तिच्या गळ्यात पडली.

"त्या दिवशी माझे पाय धरून रडलीस ना आये, तवाच मी सगळं इसरले."

ती मी नव्हे, एवढंच गुणाबाईला सांगायचं होतं. पण सांगितलं की माफी पहिल्यापासून मागावी लागणार, आणि इथं तर ती आयतीच मिळत होती. आयत्या बिळावर नागोबा व्हायला कुणाला आवडत नाही?

"हां," ती म्हणाली. "मीच आल्ते."

"कुणाला सांगू नको बोललीस, म्हणून मी फोनपण नाही केला. बोललीस, नववा सरला की न्यायला येईन."

"बोल्ले आसंन."

मग तिची नजर देव्हाऱ्याकडे गेली. तिथं तांब्यावर ओटीचा नारळ ठेवला होता. त्याला लाल काठाची चिंधी बांधलेली, आणि गाठ डावरी. गुणाबाई डावखुरी, तशी गाठ सगळ्या बंदरावर दुसरं कुणी मारत नाही.

नारळी पुनवेला सगळ्यांनी दर्याला नारळ वाहिले, तेव्हा हिनं आणखी एक वाहिला होता. आपल्याच लुगड्याची चिंधी बांधून, चारचौघींना ऐकू जाईल अशा आवाजात. "माजी लेक मेली. तिचं काय आसंल-नसंल ते आता तुजं."

"रोज पुसते गं, तरी ओलाच," किशोरी म्हणाली.

शेंडीतून पाणी तांब्यात ठिबकत होतं. गुणाबाईनं बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट.

अजूनही सांगता आलं असतं. लेकीचा हात धरून त्याच पावली निघता आलं असतं. पण मग बंदरावर आपण काय बोललो तेही सांगावं लागणार. मिळालेली लेक पुन्हा हातची जाणार.

"तू कपडे भर," ती म्हणाली. "मी रिक्षा बगून येतं."

किशोरी आत वळली तसा तिनं नारळ पिशवीत घातला.

पनवेलच्या कोळीवाड्यामागच्या खाडीला भरती होती. गुणाबाईनं नारळ फेकला. "तुजं तुला घे. माजी लेक मला दे."

नारळ बुडत नाही. हा दगडासारखा खाली गेला.

पंधरा मिनिटांत ती रिक्षा घेऊन परतली. जिना ओला होता.

दाराला कुलूप होतं.

"काही राहिलं का?" मिरियमबाईंनी विचारलं. "आत्ता तर तिला घेऊन गेलात!"

गुणाबाईनं फोन लावला. पलीकडं किशोरी हसत होती. "आये, गंमत बघ. तुझ्याच नंबरवरून फोन आलाय."

"किशोरी, उतर! जिथं आसशील तिथं उतर! मी तुजी आय बोलतंय!"

किशोरीचं हसू थांबलं. "माझी आय माझ्या बाजूला बसलीय."

मोरा तिथून तासाभराच्या वाटेवर. फोनमध्ये मात्र होडीच्या फळीवर पाणी आपटत होतं.

मग गुणाबाईला स्वतःचाच आवाज ऐकू आला. इतक्या मायेनं ती लेकीशी कधी बोलली नव्हती.

"चुकीचा नंबर हाय, बाय. ठेव."