दादांची गिरणी

चष्मेवाले त्या दुपारी दुकान लवकर बंद करून घरी निघाले, तेव्हा त्यांच्या पिशवीत एक नवी कोरी हार्ड डिस्क होती. ती त्यांनी काच गुंडाळतात तशी मऊ फडक्यात गुंडाळली होती आणि वाटेत दोनदा चाचपून पाहिली होती. तीन वाजले होते. भुताखेताची गोष्ट रात्रीच घडायला हवी असा तुमचा हट्ट असेल, तर माझा नाइलाज आहे. ही भर दुपारी घडली. फक्त दिवा जरा मोठा करा, कारण घडली ती जिन्याखालच्या खोलीत, आणि तिथं दुपारीही अंधारच असतो.

त्या खोलीत दादांची पेटी होती. दादा म्हणजे चष्मेवाल्यांच्या बायकोचे थोरले भाऊ. उभा जन्म टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेलेला, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर बहिणीच्या घरी वरच्या खोलीत राहायला आले ते कायमचेच. पेटी त्यांनी स्वतःच्या हातानं बांधली होती. कमरेएवढी उंच, लोखंडी, समोर बारा कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक हार्ड डिस्क आणि प्रत्येकावर पांढऱ्या पट्टीवर आकडा, एक ते बारा. बाराच्या बारा डिस्का त्यांनी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दुकानांतून आणल्या होत्या. ‘‘एका घाण्यातल्या घेतल्या की एकदमच मरतात, जावईबापू,’’ असं ते म्हणायचे.

पेटी अखंड घरघरायची, म्हणून चष्मेवाल्यांनी तिचं नाव ठेवलं होतं दादांची गिरणी. ‘‘दळता काय हो एवढं त्यात?’’ ते विचारायचे. ‘‘तुमच्या बायकोची बडबड,’’ दादा सांगायचे, आणि ते अक्षरशः खरं होतं. बाई अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचायच्या. दर रविवारी सकाळी दादा त्यांच्यासमोर माईक ठेवायचे, पंखा बंद करायचे, आणि सगळ्या घराला घामाघूम करून दोन तास रेकॉर्डिंग करायचे. असे वीस वर्षांचे रविवार त्या पेटीत होते.

मग दादा गेले. झोपेतच गेले, कुणाला काही त्रास न देता. त्यानंतर आठ महिन्यांनी बाईंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, आवाज गेला. दिवसभर घरात बोलत असलेली बाई एकदम मुकी झाली की घर कसं होतं, ते चष्मेवाल्यांना विचारा. ते बिचारे भांडी मुद्दाम आपटून घासू लागले.

बाई पाटीवर लिहायच्या, आणि छोट्या गोष्टींसाठी बोटाच्या पेरानं टकटक करायच्या. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. ही खूण काही नवी नव्हती. लहानपणी दादा आणि त्या शेजारशेजारच्या खोल्यांत झोपायचे, मध्ये फळ्यांची भिंत. तेव्हापासूनची ती त्यांची भाषा. तीनदा वाजवलं की ‘झोपलास?’ आणि दादा पलीकडून एकदाच वाजवायचे. ‘हो.’ झोपलेला माणूस उत्तर कसा देतो, म्हणून ही चिडून भिंतीवर लाथ मारायची.

दवाखान्यात आवाजाची यंत्रं बनवणारी एक तज्ज्ञ होती. ती म्हणाली, ‘‘जुनं रेकॉर्डिंग असेल तर त्यातून त्यांचाच आवाज तयार करता येतो. त्या टाइप करतील, यंत्र त्यांच्या आवाजात बोलेल. चाळीसेक तासांचं, स्वच्छ, काही सापडेल का?’’ नवराबायको एकमेकांकडे बघून हसले. चाळीस तास! इथं वीस वर्षं भरून ठेवली होती.

आणि त्याच आठवड्यात पेटी बीप-बीप करायला लागली. एक डिस्क मेली होती.

हार्ड डिस्कच्या दुकानदारानं फोटो बघून सांगितलं, ‘‘घाबरू नका. एक गेली तरी बाकीच्या अकरा मिळून सांभाळून घेतात. मेलेली काढा, नवी घाला, ती आपोआप भरते. पण तोवर दुसरी गेली, तर संपलं. मग काहीच परत येणार नाही.’’ मग त्यानं विचारलं, ‘‘याची दुसरी प्रत असेलच ना?’’ चष्मेवाल्यांनी घाईनं नव्या डिस्कचे पैसे पुढं केले.

दुसरी प्रत होती. ‘‘एक प्रत म्हणजे शून्य प्रत,’’ हे दादांचं वेदवाक्य होतं. वरच्या खोलीत खाटेखाली त्यांनी एक छोटी पेटी ठेवली होती. दादांच्या माघारी खोली आवरताना चष्मेवाल्यांनी ती दोन मोडक्या पंख्यांबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकली होती. बायकोला हे सांगायची त्यांची छाती झाली नव्हती. म्हणून त्यांनी मुद्दाम बाई शेजारणीबरोबर दवाखान्यात गेल्याचं बघून ही दुपार निवडली. काही बिघडलंच, तर तिच्या डोळ्यांदेखत नको.

घरात शिरून त्यांनी कडी लावली आणि ते जिन्याखाली आले. दिवा लावला. पेटीचे हिरवे ठिपके लुकलुकत होते, गिरणी चालू होती. तापलेल्या धुळीचा वास होता. पेटीच्या बाजूला दोरीनं दादांची वही लटकत होती. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: ‘मशीन बंद करायचं नाही. म्हाताऱ्या डिस्का थांबल्या की पुन्हा उठत नाहीत. चालू असतानाच बदला.’ चष्मेवाल्यांनी एवढंच वाचलं. पेटीच्या छोट्या स्क्रीनवर लिहून आलं होतं, डिस्क सहा निकामी. आणि समोर सहा आकड्याचा कप्पा होता. यात वाचण्यासारखं आणखी काय असणार?

त्यांनी हात पुसले. सहाव्या कप्प्याच्या खिट्टीवर बोट ठेवलं.

टक्-टक्.

‘‘काय गं?’’ ते म्हणाले, मागं न बघताच. सवयच झाली होती. दोनदा म्हणजे नाही. ‘‘नाही काय? मला करू दे ना जरा...’’

मग त्यांना आठवलं की बाई घरात नाहीत. कडी त्यांनी स्वतः आतून लावली होती. ते वळले. दारात कुणी नव्हतं. जिन्याच्या पायऱ्या रिकाम्या, त्यापलीकडे बैठकीत पडद्यातून आलेली उन्हाची एक पट्टी.

‘‘लोखंड तापलं की वाजतं,’’ ते स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले. घाबरलेला माणूस मोठ्यानंच बोलतो. त्यांनी पुन्हा बोट ठेवलं, खिट्टी दाबली आणि कप्पा ओढला.

तो हलला नाही. कुलूप नव्हतं, स्क्रू नव्हता. खिट्टी उघडलेली दिसत होती. पण पलीकडून कुणीतरी तेवढ्याच जोरानं धरून ठेवलंय असं वाटलं. त्यांनी आणखी जोर लावला. कप्पा केसभर पुढं आला... आणि हळूच, अगदी हळूच, परत आत गेला.

टक्-टक्.

या वेळी आवाज मागून आला नाही. तो त्यांच्या तळहाताखालून आला. लोखंड हललं, ते त्यांना बोटांत जाणवलं. आणि वास आला, तारांना डाग देताना जळणाऱ्या राळेचा. जिथं दादा बसायचे तिथं येणारा, गोडसर, जळका. वर्ष झालं, या घरात कुणी तो वास घेतला नव्हता.

चष्मेवाल्यांची पाचावर धारण बसली. ते तसेच जमिनीवर बसले. पळून जावं असं फार वाटत होतं, पण ते पळाले नाहीत, आणि हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो, की पळाले असते तर ही गोष्टच नसती.

‘‘दादा...’’ ते कुजबुजले. ‘‘चुकतंय का माझं काही?’’

टक्.

त्यांनी वही ओढली आणि पुढचं पान उलटलं. तिथं लाल शाईत होतं: ‘जावईबापू, हे तुमच्यासाठी. मशीन शून्यापासून मोजतं, आपण एकपासून. तळमजला आणि पहिला मजला यांच्यासारखं. मशीननं सहा म्हटलं की हात सातला लावा. खात्री नसेल तर बोटानं बघा. जिवंत डिस्क कोमट असते आणि थरथरते. मेलेली थंड असते.’

चष्मेवाल्यांनी कपाळाला हात लावला. मग तोच हात सहावर ठेवला. कोमट, बारीक थरथर, झोपलेल्या मांजराच्या पोटासारखी. सातवर ठेवला. थंडगार. चाळीस वर्षं काचा घासलेली बोटं ती, त्यांना फसवणं सोपं नव्हतं. सहावी ओढली असती तर दोन डिस्का गेल्या असत्या आणि त्यांच्यासोबत बायकोचा आवाज, सगळेच्या सगळे रविवार.

त्यांनी सातवी ओढली. ती अलगद बाहेर आली. नवी घातली. ठिपका पिवळा झाला, लुकलुकू लागला. राळेचा वास गेला होता. चष्मेवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यांना ते पुसावंसंही वाटलं नाही.

बाई संध्याकाळी आल्या तेव्हा ते तिथंच बसून होते. त्यांनी सगळं सांगितलं. भंगारवाल्याचंही सांगितलं, मान खाली घालून. बाईंनी भिंतीवर एकदाच टक् केलं. हो, मला माहीत होतं. मग पाटीवर लिहिलं, ‘पंखेसुद्धा दिलेत. त्यातला एक चालू होता.’

नवी डिस्क भरायला एक दिवस आणि एक रात्र लागली. त्यानंतर चष्मेवाल्यांनी दादांची वही पाठ केली म्हणा ना. एका नव्या लहान पेटीत सगळं उतरवून घेतलं. तशाच दुसऱ्या पेटीत एक प्रत भरून ती परगावी लेकीच्या घरी पोचवली, कारण वहीत होतं की एक प्रत दुसऱ्या छपराखाली हवी. आणि आवाजाच्या फायली तेवढ्या एका सुट्या डिस्कवर घालून, ती दादांच्या जुन्या मफलरमध्ये गुंडाळून कपाटात ठेवली. तीन प्रती झाल्या. जुनी पेटी रिकामी केली, वायर काढली. ते लोखंड मात्र भंगारात द्यायची गोष्ट कुणी काढली नाही.

दोन महिन्यांनी यंत्र आलं. वहीएवढं, कडेला छोटा स्पीकर. बाईंनी बराच वेळ विचार करून टाइप केलं, आणि त्या घरात त्यांचा आवाज उमटला. तोच, किंचित घोगरा, शेवटचा शब्द ओढणारा. ‘‘चहा ठेवा. आणि साखर कमी घाला, डॉक्टरांनी तुम्हालाही सांगितलंय.’’

चष्मेवाले स्वयंपाकघरात गेले आणि गॅससमोर उभे राहून हुंदके देऊन रडले. चहा उतू गेला. आतून बाई त्यांना त्याबद्दल बोलल्यासुद्धा, आणि सगळ्या संसारात पहिल्यांदा बोलणी खाऊन त्यांना धन्य वाटलं.

पुढच्या रविवारी दुपारी बाई जिन्याखाली गेल्या. चष्मेवाले मागोमाग. बाई रिकाम्या पेटीसमोर बसल्या आणि पेरानं तीनदा वाजवलं.

‘‘अगं, काही नाही त्यात आता,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘वायरसुद्धा...’’

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. खोलीत गिरणीची घरघर नव्हती, त्यामुळे शांतता फार मोठी वाटत होती. एक मिनिट गेलं. दोन गेली असतील.

टक्.

एकदाच. बाईंचे खांदे हलू लागले. त्या हसत होत्या, आवाज न करता, डोळ्यांतून धारा. त्यांनी यंत्र मांडीवर घेतलं. ‘‘बघा,’’ त्यांचा आवाज म्हणाला, ‘‘म्हणे झोपलोय.’’

चष्मेवाल्यांच्या अंगावर काटा होता, पण त्यांनी पेटीला हात जोडले. ‘‘दादा, तुमचे उपकार कसे फेडू?’’ एवढंच त्यांना सुचलं.

तेवढ्यात बैठकीत फोन वाजला. लेक होती.

‘‘बाबा, आई बरी आहे ना?’’

‘‘बरी आहे की. का गं?’’

‘‘नाही, म्हणजे... ती मामाची पेटी तुम्ही ठेवलीत ना इथं... ती वाजते का हो?’’

‘‘वाजते म्हणजे?’’

‘‘म्हणजे आतून... आत्ताच. मी शेजारी बसले होते. एकदाच, टक्. प्लग तर काढलेला आहे, बाबा...’’

चष्मेवाल्यांनी तिला काहीतरी सांगून फोन ठेवला. लोखंड तापलं की वाजतं, असंच काहीतरी. दादांनी शिकवलं होतं तसंच त्यांनी सगळं केलं होतं. एकही गोष्ट मागं राहू दिली नव्हती. पण नक्की काय काय उतरवून घेतलं, ते त्यांनी कधी तपासलं नव्हतं.

तिसरी प्रत अजून कपाटात आहे, चष्मेवाल्यांच्या सदऱ्यांमागं. तिला वायर नाही, पेटी नाही, काही नाही. रोज सकाळी सदरा काढताना ते आधी मनोमन दादांचे आभार मानतात आणि मगच आत हात घालतात. मफलरला बोट लागतंच. तो कोमट असतो.