सहा नंबरची कूस

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय. तेही दिवसाढवळ्या, बायकांच्या आठ खाटांच्या वॉर्डात.

आत्या नर्स. दुपारी दोन ते आठ तिची ड्यूटी.

ज्या पेशंटला स्वतःहून हलता येत नाही, तिची दर दोन तासांनी कूस बदलायची. डावी, पाठ, उजवी. खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या तक्त्यावर वेळेसमोर सही करायची. हे केलं नाही, तर जिवंत माणसाची पाठ सडते.

आत्या दोनला आल्या आल्याच चारची, सहाची, आठची सही ठोकून मोकळी व्हायची. मग मोबाइल.

"सगळ्याच करतात," ती म्हणायची.

सहा नंबरवर एक म्हातारी होती. अर्धांगवायू झालेला, वाचा गेलेली. स्वतः तीस वर्षं नर्स म्हणून राबलेली! तिला तक्ता कळत होता. आत्या सह्या करायची, तेव्हा तिचे डोळे पेनाबरोबर फिरायचे...

अठराव्या दिवशी ती गेली. अंग पुसायला म्हणून आत्यानं तिला पहिल्यांदा नीट वळवलं.

कंबरेखाली तळहाताएवढं भोक. पिवळा पू. आत हाड दिसत होतं. चादर निघाली ती कातडी घेऊनच.

तिच्यावर पांघरूण घालतेय तोच म्हातारीची लेक आली. तक्त्यावरच्या सह्या पाहून तिचे डोळे भरून आले. "तुम्ही होतात म्हणून आईचे हाल झाले नाहीत."

आत्यानं पांघरूण आणखी घट्ट खोचलं. किळस जखमेची यावी की आत्याची, तुम्हीच ठरवा.

चार दिवसांनी त्याच खाटेवर दुसरी बाई आली. खुब्याचं हाड मोडलेलं, नुकतंच ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलं, "वळवताना पाय पिळला, तर सगळं पुन्हा मोडेल." आत्यानं मान डोलावली आणि आठपर्यंतच्या सह्या ठोकल्या.

चार वाजले.

सर्रर्र... सहा नंबरचा पडदा सरकला.

वॉर्डात मदतीला असणाऱ्या आयामावशी तर आत्यासमोरच बसलेल्या. आत्या उठून गेली. पेशंट डाव्या कुशीवर. पाठीला उशी, गुडघ्यांमध्ये उशी. अगदी तक्त्यात लिहिलं होतं तसं.

"मावशी, हिला कोणी वळवलं?"

"मला काय विचारता? मी जागची हललेसुद्धा नाही."

"अहो, आत्ता तुम्हीच तर वळवलंत," पेशंट म्हणाली. "हात हलका आहे हो तुमचा. गार आहे तेवढा. आणि... रागावू नका, पण हात धुवत जा. वास येतो."

पाचला डॉक्टर राउंडला आले. पेशंटनं तोंड भरून कौतुक केलं. डॉक्टर म्हणाले, "याला म्हणतात कर्तव्य."

आत्या हसली. हसली! "कामच आहे ते माझं."

सहाला पाच मिनिटं असताना मात्र तिला राहवेना. ती मावशींना घेऊन गेली. मावशींनी पाय सांभाळला. आत्यानं पाठीखाली हात घातला.

तिथे आधीच एक हात होता...

गार. ओला. बोट लागलं की कातडी सरकत होती.

पेशंट अर्धी उचललेली. हात काढावा, तर बाईचा पाय पिळणार. आत्यानं दात आवळले. त्या हातानं तिची बोटं घट्ट धरली, जरा खाली नेली, नेमकी जागा दाखवली...

आणि पेशंट वळली.

"आज पाठीलाच चार चार हात?" ती म्हणाली.

आत्याच्या बोटांना पिवळं चिकटलं होतं. बेसिनपाशी ती भडाभडा ओकली.

आठला पुढची नर्स आली. पेन काढलं. दहा, बारा, दोन, चार, सहा. भराभर सह्या.

आत्याला तिला अडवायचं होतं. पण मग स्वतःचंही सगळं सांगावं लागलं असतं. ती पर्स उचलून निघाली.

सकाळी ती नर्स औषधांच्या खोलीत कोपऱ्यात बसलेली सापडली. दोन्ही हात कोपरापर्यंत घासून घासून सोलवटलेले. बोलेना. अजून बोलत नाही.

आत्या आता एकही कूस चुकवत नाही. मी म्हटलं, "चांगलं झालं की मग."

"कसलं चांगलं?" ती म्हणाली. "मी भीतीनं करतेय. ती म्हातारी मेल्यावरसुद्धा करत होती... ते कुणाच्या भीतीनं?"

आत्या जेवायला वाढते, तेव्हा मी भूक नाही म्हणून सांगतो.