आईचा अंगठा

काहीही झालं तरी घरातले फोटो आईच काढायची. त्यामुळे ती एकाही फोटोत नव्हती. असायचा तो तिचा अंगठा. भाजल्याचा पांढरा डाग असलेला तो अंगठा कोपऱ्यात हटकून घुसायचा आणि घरभर त्याची थट्टा व्हायची. लग्नाचा अल्बम तर घर बदलताना कधीच हरवला होता. आता आई नव्हती, आणि स्वतःच्या आजारपणानंतर बाबांना तिचा चेहरा आठवेनासा झाला होता.

"कशी दिसायची गं ती?" ते रोज विचारायचे. लेक सांगून सांगून थकायची. नाक असं होतं, कपाळ तसं होतं, पण सांगून का कुठे चेहरा दिसतो!

त्या दुपारी तिने ठरवलं, निदान अंगठा तरी मोठा करून दाखवू. ऑफिसांमधले लॅपटॉप, मोबाईल मोठ्या स्क्रीनला जोडून देणं हे तिचं पोटापाण्याचं काम. बाबा तिला 'वायरवाली' म्हणायचे. आईच्या मोबाईलला तिने केबल लावली, दुसरं टोक टीव्हीमागे खोचलं आणि खिडकीचे पडदे ओढले. मोबाईलवर दिसेल तेच टीव्हीवर दिसणार, एवढा साधा मामला.

पहिला फोटो बाबांचा, पेपर वाचतानाचा. उभा फोटो आडव्या टीव्हीवर आला की दोन्ही बाजूंना काळे पट्टे पडतात, तसे पडले. उजव्या कडेला अंगठा होता. आणि त्याला लागून, काळ्या पट्ट्यात, बाकीची चार बोटं होती.

तिने हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. तिथे नुसताच अंगठा.

"सेटिंग गंडलंय," ती पुटपुटली. सेटिंग ठीक होतं. तिने केबल बदलली, टीव्ही बंद करून पुन्हा लावला. बोटं जागची हलली नाहीत.

पुढच्या फोटोत मनगट दिसलं. त्यापुढच्यात निळ्या स्वेटरची बाही, कोपराला रफू केलेली. ते रफू लेकीनेच केलं होतं, वेडंवाकडं.

"बाबा, तुम्हाला दिसतंय का?"

"दिसतंय की. मी काय आंधळा आहे? पुढे चल."

लेकीचा अंगठा मोबाईलवर अडखळला. खरं तर भीती वाटायला हवी होती. पण लहानपणी पहिल्यांदा समुद्र पाहिला होता, तेव्हासारखं तिला वाटत होतं: समोर एवढं अफाट काहीतरी आणि आपण एवढेसे.

खांदा.

कान. कानामागचा तीळ, जो तीसुद्धा विसरली होती.

शेवटचा फोटो.

फोटो काढताना आई एक डोळा मिटून ओठ दाबायची. अगदी तशीच ती काळ्या पट्ट्यातून त्या दोघांकडे बघत होती. लेकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"हीच," बाबा म्हणाले. "हीच ती." मग त्यांनी घाईघाईने कॉलर सारखी केली. "ए वायरवाली, डोळे पूस आधी. सरळ बस. काढतेय ना ती!"

टीव्ही काळा झाला.

तिने मोबाईलकडे पाहिलं. शेवटच्या फोटोनंतर आणखी एक फोटो आला होता. सोफ्यावर ते दोघं, टीव्हीच्या बाजूने काढलेले. बाबा मनापासून हसत होते. लेकीचे गाल ओले होते आणि तिच्या हातात, केबल लावलेला, हाच मोबाईल होता.

उजव्या कोपऱ्यात अंगठा आला होता.