वाक्यात उपयोग

पोरांनो, चौऱ्याहत्तर सालची पौषातली अमावस्या. आमचे भुजंग सर तीर्थपुरीकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्या दिवशी शाळा सुटल्यावर ते सायकलवर शेजारच्या खेड्याला निघाले. आठवीतला पुंजाराम महिनाभर शाळेत आला नव्हता. त्याला समजावून परत आणायचं, एवढंच काम.

पण सरांच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. महिन्यापूर्वी धड्यात ‘गॅस्प’ हा शब्द आला. अर्थ कुणालाच येईना. पुंजारामला दमा होता. सरांनी त्याला मैदानाला पळत चक्कर मारायला लावली आणि तो परत आला तसाच वर्गापुढं उभा केला.

“बघा याच्याकडं. हवा पुरत नाही म्हणून तोंड उघडून एकदम आत ओढलेला श्वास, त्याला गॅस्प म्हणतात. आता वाक्यात उपयोग.”

फळ्यावर लिहिलं, ‘पुंजाराम इज गॅस्पिंग.’ वर्ग हसला. सरही हसले. दुसऱ्या दिवसापासून पोरगं गायब. रुसलं असेल, असं सरांनी धरलं. पण रात्री दिवा मालवला की ते वाक्य डोळ्यांपुढं यायचं.

ओढा ओलांडेपर्यंत अंधार पडला. पुढं चढ. सायकल अचानक जड झाली.

“सर, मी बसलो मागं.”

आवाज ओळखीचा होता. सरांना उलट बरंच वाटलं.

“पुंजाराम? अरे, तुझ्याकडंच चाललोय. त्रास होऊन राह्यला का लई?”

“आता न्हाई, सर.”

मग नुसता श्वास. तुटक. सरांच्या पाठीशी.

एकदम जोरात हवा ओढल्याचा आवाज आला.

“सर... बराबर झाला का?”

“काय?”

“तो शब्द.”

सरांचे पाय पॅडलवर थिजले. सायकल चढ चढतच राहिली.

“पुन्हा करून दाखवू?...”

“नको... बाळा, नको...”

एक श्वास आत गेला.

बाहेर आला नाही.

सायकल हलकी झाली.

घराच्या दारात पुंजारामची आई, चांगुणाबाई, कंदील घेऊन उभी होती.

“लेकरू जाऊन पंधरा दिवस झाले, सर. महिन्यामागं शाळेतून आलं त्याच रात्री दमा उसळला, मंग अंथरुणातून उठलंच न्हाई.” तिनं पदरानं बाज झटकली. “लई नाव घ्यायचं तुमचं. म्हणायचं, आई, सरांनी माझं नाव फळ्यावर लिव्हलं, इंग्रजीत. सगळा वर्ग खूश झाला.”

सर बसले. तिनं चहा दिला, तो प्याले. खरं काय ते सांगायचं ओठांवर आलं होतं...

सांगितलं नाही. तिच्याकडं मान वर करून बघताही आलं नाही.

घरी येऊन त्यांनी सदरा काढला. पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, तोंडाएवढा ओला डाग. बायकोनं धुतला, उन्हात टाकला. सगळा सदरा वाळला, तेवढी जागा सोडून.

चैत्रात सरांनी मला तो दाखवला. मी हात लावला.

ओलाच होता. आणि कोमट.